टाकीत मिरची सापडली नाही

हरेश सरांनी नमुना घेतला म्हणजे घेतला. असं आम्ही नाही म्हणत, ते स्वतःच म्हणायचे. थुंकीचा असो, रक्ताचा असो, नाहीतर विहिरीच्या पाण्याचा, आरोग्य खात्यातल्या एकोणीस वर्षांच्या नोकरीत त्यांची एकही बाटली "पुन्हा पाठवा" असा शेरा घेऊन परत आली नव्हती. ही गोष्ट त्यांनी जव्हारच्या चहाच्या टपरीपासून मोखाड्याच्या जीपस्टँडपर्यंत ज्याला ज्याला म्हणून कान होते त्याला ऐकवलेली होती. त्यामुळे नाशिकच्या एका प्रयोगशाळेनं सांडपाण्यातून सर्दी-तापाचे विषाणू शोधायचं काम काढलं आणि आपल्या भागातली एक जागा मागितली, तेव्हा सर छाती पुढे काढून म्हणाले, "हे काम माझ्याकडे द्या. डोळे मिटून करतो."

आणि केलंही त्यांनी ते अगदी डोळे मिटूनच. तीच तर गोष्ट सांगायची आहे.

आता खोकल्याचा विषाणू संडासाच्या टाकीत कशाला तडमडायला जाईल, असं तुम्हाला वाटेल. आम्हालाही वाटलं होतं. पण माणूस आजारी पडला की त्यातले काही विषाणू पोटातून खाली जातात म्हणे, आणि पुष्कळदा माणूस अंथरूण धरायच्या आधीच जातात. म्हणजे तीनशे पोरांच्या नाकात कांडी घालत बसण्यापेक्षा त्यांच्या टाकीतलं बाटलीभर पाणी तपासलं की साथ यायच्या आधी तिची वर्दी मिळते. कल्पना झकास आहे, त्यात वाद नाही.

सरांनी जागा निवडली ती करंजमाळची आश्रमशाळा. नाव आम्ही बदललंय, कारण तिथल्या अधीक्षिका जयवंतीबाई ओळखीच्या आहेत. मोखाड्याहून सूर्यमाळकडे चढणाऱ्या रस्त्याला आत वळलं की ही शाळा. सर स्वतः तिथंच शिकलेले, तिथल्याच थाळीत जेवून मोठे झालेले, त्यामुळे त्यांचा जीव त्या शाळेवर. गेल्या वर्षी फेब्रुवारीत तिथं खोकल्या-तापाची साथ आली. कळेपर्यंत निम्मं वसतिगृह आडवं झालं होतं. पाड्यापाड्यांवरून आईबाप आले आणि पोरं घेऊन गेले. बरी सगळीच झाली हो, पण चौसष्ट गेली त्यातली एकोणीस परत आलीच नाहीत. कुणी वसईकडे वीटभट्टीवर गेलं, कुणी भिवंडीला. दहावीच्या परीक्षेला चार बाकं रिकामी राहिली, आणि त्या बाकांचा विषय निघाला की जयवंतीबाईंचा आवाज अजून बसतो.

या वर्षी आठ दिवस आधी कळलं पाहिजे, एवढंच सरांच्या डोक्यात होतं. म्हणून त्यांनी नाशिकला हट्ट धरून हीच शाळा लावून घेतली. नाशिकच्या प्रयोगशाळेतल्या मॅडमनी एकच अट घातली. दोन नमुने वाया गेले तर जागा बदलायची, कारण बाकीचे तालुके मागं लागलेत. अट ऐकून सरांना हसूच आलं.

मंगळवारी टाकी तपासायला येतोय, एवढाच निरोप सरांनी बाईंना धाडला. आता तपासणी येणार म्हटल्यावर आश्रमशाळेत काय काय होतं, ते ज्यानं तिथं एक टर्म काढलीय त्याला विचारा. झाडांच्या बुंध्यांना चुना लागतो. पेटीतल्या चादरी बाहेर निघतात. पोरांची नखं कापली जातात आणि फळ्यावर सुविचार बदलतो. ऑफिसच्या शेजारी दोन वर्षांपूर्वी बांधलेलं नवं स्वच्छतागृह होतं, दहा संडासांचं, गुलाबी फरशीचं, भिंतीवर हात धुणाऱ्या मुलीचं चित्र काढलेलं. आजवर जो जो साहेब आला त्यानं तेच पाहिलं, चित्राशेजारी उभं राहून फोटो काढला आणि खूश होऊन गेला. तेव्हा बाईंनी दोन दिवस आधीच ते धुऊन घेतलं, आणि टाकी म्हटलीय म्हणून त्याची टाकीसुद्धा उपसून, घासून, स्वच्छ पाणी भरून, वर बादलीभर फिनेल ओतून ठेवली. कमी पडायला नको.

मंगळवारी सर आले. मास्क, हातमोजे, पांढरा अंगरखा, असा थाट. सगळी पोरं व्हरांड्यात रांगेत बसवलेली. त्यांच्यापुढं सरांनी अर्धा तास भाषण केलं, त्यात जनुकीय निगराणी हा शब्द नऊ वेळा आला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. बाईंना त्यातलं एक अक्षर कळलं नाही, पण विचारायचं कसं म्हणून त्यांनी मान हलवली. शाळेचा कामाठी मंगळू सरांना टाकीकडे घेऊन गेला. बावीस वर्षं शाळेत काढलेला हा माणूस मोजकं बोलायचा. त्यानं गळ्यातल्या दोऱ्यातली चावी काढून नव्या स्वच्छतागृहाचं फाटक उघडलं आणि म्हणाला, "सायेब, ही टाकी म्हंजे..."

"मंगळूदादा," सर हात वर करून म्हणाले, "तुम्ही फक्त झाकण उघडा."

मंगळूनं झाकण उघडलं. पाणी इतकं नितळ की सरांना आत स्वतःचा मास्क दिसला. काय शिस्त आहे बाईंची, असं मनाशी म्हणत त्यांनी बाटली भरली, बर्फाच्या डब्यात ठेवली आणि मोखाड्याला येऊन नाशिकच्या एसटीत कंडक्टरच्या ताब्यात दिली. आत काय आहे, हे कंडक्टरनं विचारलं नाही ते बरं झालं.

शुक्रवारी नाशिकहून मॅडमचा फोन आला. शाळेला सुट्टी आहे का, हा त्यांचा पहिला प्रश्न. सर म्हणाले, छे, तीनशे बारा मुलं हजर आहेत. मग मॅडम म्हणाल्या, "सर, तुमच्याकडची मुलं मिरची खात नाहीत का?"

सरांना वाटलं, फोन भलतीकडे लागला. तेव्हा मॅडमनी समजावून सांगितलं. मिरचीच्या झाडावर एक विषाणू असतो. माणसाला तो काही करत नाही, पण ज्यानं मिरची खाल्ली त्याच्या पोटातून तो जसाच्या तसा खाली उतरतो. म्हणून कुठल्याही सांडपाण्यात आधी तो बघायचा. तो दिसला म्हणजे समजायचं की इथं माणसं आहेत, आता पुढचं शोधू. करंजमाळच्या टाकीत मिरची नव्हती. मिरची नाही म्हणजे माणूसच नाही. फिनेल मात्र पुष्कळ होतं. पहिला नमुना वाया.

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा! बरं, सरळ शाळेत जाऊन झालं ते सांगावं आणि चार माणसांना विचारावं, तर ते मोठेपणाला बाध आणणारं. त्यांनी फोन लावला तो स्वयंपाकीण सुकरीबाईंना, आणि आडून आडून विचारलं की आमटीत मिरची किती घालता. झालं. सुकरीबाईंच्या हातची उडदाची आमटी म्हणजे तालुक्यात नाव. आता नाशिकपासून आपल्या मिरचीची चौकशी सुरू झाली, असं त्यांनी धरलं आणि त्यांच्या अंगाची लाही लाही झाली. सोमवारी मिरचीचा वाटा त्यांनी जवळजवळ तिप्पट केला. त्या दिवशी करंजमाळची पोरं जेवण झाल्यावर तोंड उघडं टाकून मैदानात पळत होती.

जयवंतीबाईंना सरांनी वेगळं कळवलं. टाकी पुन्हा उपसा, साध्या पाण्यानं धुवा, फिनेलचा थेंबही नको, आणि त्यानंतर शाळेत जसं रोज चालतं अगदी तसंच चालू द्या, काडीचाही बदल करू नका. बाईंनी मंगळूला तसंच्या तसं सांगितलं. मंगळू म्हणाला, बरं. शब्दाला पक्का माणूस तो.

इकडे जव्हारला सरांच्या घरी वेगळंच चाललेलं. रविवारी एका हळदीला जाऊन आल्यापासून सर शिंकत होते. बायको चंदा म्हणाली, अंग कोमट लागतंय, दोन दिवस घरी बसा, डॉक्टरला दाखवा. सर म्हणाले, रस्त्याच्या कामाची धूळ आहे, दुसरं काही नाही, आणि साथीचा शोध घेणारा माणूसच घरी बसला तर लोकांनी बघायचं कुणाकडे? चंदानं मग डब्यात नागलीच्या भाकरीबरोबर नेहमीपेक्षा जास्त ठेचा दिला. सर्दी उतरायला ठेच्यासारखं काही नाही, असं तिच्या माहेरी मानतात.

सोमवारी सर सगळं जागच्या जागी आहे ना, हे बघायला करंजमाळला गेले. मास्क होताच तोंडाला, त्यामुळे शिंका आतल्या आत. चंदाचा ठेचा त्यांनी ऑफिसात एकट्यानं बसून संपवला. तेवढ्यात सुकरीबाई स्वतः आमटीची वाटी घेऊन आल्या आणि ती रिकामी होईपर्यंत दारात कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. सरांच्या कानातून वाफ यायची बाकी होती. पाच मिनिटांत ते पोट धरून बाहेर आले आणि मंगळूला खुणेनंच विचारलं. साहेब माणूस म्हटल्यावर मंगळूनं गळ्यातली चावी काढली, नवं स्वच्छतागृह उघडलं, दोन बादल्या पाणी भरून ठेवलं आणि आदबीनं बाजूला झाला.

मंगळवारी नमुना घ्यायचा दिवस. आदल्या दिवशीची आमटी अजून बोलत होती, त्यामुळे सर मोटारसायकलवरून उतरले ते थेट तिकडेच. मग हात धुऊन, हातमोजे चढवून टाकीपाशी आले. मंगळू म्हणाला, "सायेब, येक बोलू का? ह्या टाकीत..." सरांनी हात वर केला. मंगळूनं झाकण उघडलं.

शुक्रवारी पुन्हा फोन. या वेळी मॅडमचा आवाज बदललेला होता. मिरची सापडली, म्हणाल्या. सापडली म्हणजे किती, तर अख्ख्या नाशिकच्या सांडपाण्यात नसेल एवढी. सरांनी सुटकेचा श्वास टाकला. पण मॅडमचं बोलणं संपलं नव्हतं. "आणि सर, फ्लूसुद्धा सापडलाय. चांगलाच आहे. तुमच्या वसतिगृहात साथ सुरू झालीय."

सर खुर्चीत बसले. दहावीची परीक्षा तीन आठवड्यांवर. त्यांच्या डोळ्यांपुढं ती चार बाकं आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक डॉक्टर, दोन नर्स आणि मागं सर, अशी जीप निघाली. सगळ्यांच्या तोंडाला मास्क. नेमका मोखाड्याचा बाजार भरलेला, आणि डॉक्टरांना नेमकी तिथंच थांबून बिस्किटं घ्यायची होती. बाजारात मास्कवाल्यांची जीप दिसल्यावर ती कुठं चाललीय, हे जीपच्या आधी सगळ्या पाड्यांना कळतं. शाळेत तपासणी सुरू होऊन तास झाला नसेल, तोवर चार काळीपिवळी जीपगाड्या टपापर्यंत भरून फाटकाशी येऊन थांबल्या.

सगळ्यांत पुढं माघ्या होता. त्याची थोरली मुलगी गेल्या वर्षी शाळा सोडून गेलेल्या एकोणीस जणांपैकी, आणि धाकटी या वर्षी दहावीला. जयवंतीबाई फाटकात उभ्या राहिल्या. सगळे आईबाप एकदम बोलत होते, पण माघ्यानं आवाज चढवला नाही.

"बाई, मांगल्या सालाला थांब म्हनलीस, थांबलो. पोर तापानं फनफनली. आता नाय थांबनार. माझी पोर दे."

थोरलीला तुम्हीच परत पाठवली नाहीत, हे बाईंच्या ओठांवर आलं होतं, पण ते बोलायची ही वेळ नव्हती. "डॉक्टर तपासतायत," एवढंच त्या म्हणाल्या, "तपासून होईपर्यंत तरी थांबा हो." माघ्यानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि फाटकाच्या दगडावर बसला. तो बसला म्हणून बाकीचे बसले.

आत डॉक्टर चक्रावलेले. दोनशे पोरं झाली, ताप नाही. अडीचशे झाली, खोकला नाही. तीनशे बाराव्या पोरीचा घसा बघून त्यांनी बॅटरी खाली ठेवली. इतकी ठणठणीत शाळा आपण आजवर पाहिली नाही, असं ते म्हणाले. एकाचं नाकसुद्धा वाहत नव्हतं. मग टाकीतला फ्लू आला कुठून, असा प्रश्न त्यांनी विचारला.

तेवढ्यात व्हरांड्यात सर शिंकले. एकदा नाही, लागोपाठ सहा वेळा. मास्क कानावरून निसटून हनुवटीवर लोंबायला लागला.

जयवंतीबाईंनी सरांकडे पाहिलं. मग त्यांची नजर खांबाला टेकून उभ्या असलेल्या मंगळूकडे गेली, आणि पंधरा दिवसांत जे कुणीच केलं नव्हतं ते त्यांनी केलं. त्यांनी मंगळूला विचारलं.

"मंगळूदादा, त्या टाकीबद्दल तुम्हाला काय ठाऊक आहे?"

मंगळू खांबापासून सुटा झाला. "बाई, ती टाकी पोरांची नायच. पोरां मागल्या जुन्यात जातात, तेची टाकी निराळी. नव्याची चावी ही, माझ्या गळ्यात. नवा सायेबासाठी ठेवलेला." इतकं एका दमात तो आयुष्यात बोलला नव्हता. "टाकी उपसली, धुतली, तेच्यामागनं तठं येकच मानूस गेला. सोमवारी येकदा, मंगळवारी येकदा. पानी मीच भरून दिला."

कोण माणूस, हे कुणी विचारलं नाही. तीनशे बारा पोरं, दोन नर्स, सुकरीबाई आणि फाटकावरून आत डोकावणारे चार जीपभर आईबाप, सगळे एकाच दिशेला बघत होते.

डॉक्टरांनी पिशवीतून कांडी काढली. एकोणीस वर्षं दुसऱ्यांचे नमुने घेतलेल्या हरेश सरांनी पायरीवर बसून मान मागं केली. पंधरा मिनिटं सगळे त्या पांढऱ्या पट्टीकडे बघत बसले. दुसरी रेघ उमटली तेव्हा पहिल्यांदा हसला तो माघ्या. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग त्याला हसता हसता उठवेना. शेजारचे हसले, पोरं हसली, आणि जयवंतीबाईंनी तोंडाला पदर लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या, हे आम्हाला कळलं नाही. बहुतेक दोन्ही असावं. त्यांचा जीव भांड्यात पडला होता एवढं नक्की.

एकही पोर घरी गेलं नाही. आलेल्या माणसांना सुकरीबाईंनी उपाशी जाऊ दिलं नाही, आणि मिरचीची भानगड काय होती ते समजल्यावर आमटी पूर्ववत केली. माघ्यानं दोनदा वाढून घेतली आणि जाताना लेकीला सांगितलं, परीक्षा दिल्याबिगर घरी येऊ नको. सर मात्र लांब आंब्याखाली एकटे बसून होते. त्यांची वाटी मंगळूनं दहा पावलांवर ठेवली आणि तो मागं सरकला. जुन्या टाकीचा नमुनाही त्या दिवशी मंगळूनंच घेतला, कारण डॉक्टरांनी सरांना बाटलीला हात लावू दिला नाही. मंगळूनं झाकण उघडलं, बाटली भरली, बूच लावलं. त्यात भाषण करण्यासारखं काही असतं, हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्या बाटलीत मिरची बेतशीर निघाली आणि फ्लू औषधालाही नाही.

नाशिकच्या मॅडमना सगळं कळलं तेव्हा सरांनी जागा गेली असं धरूनच फोन कानाला लावला होता. पण मॅडम खूश! एका माणसाच्या दोन खेपांवरून आमच्या तपासणीनं फ्लू पकडला, म्हणाल्या, याहून चांगला पुरावा कुठला हवा? करंजमाळ वर्षभरासाठी पक्की झाली. नव्या स्वच्छतागृहाचं कुलूप बाईंनी त्याच दिवशी काढलं. पोरं आता दोन्हीकडे जातात आणि नमुनाही दोन्ही टाक्यांचा जातो. मार्चमध्ये दहावीचं एकही बाक रिकामं राहिलं नाही. जयवंतीबाईंनी ती बाकं स्वतः दोनदा मोजली.

एप्रिलमध्ये जव्हारला मोठ्या साहेबांपुढं या कामाची माहिती द्यायची होती. सर नवा शर्ट घालून उभे राहिले. पडद्यावर नकाशा, नकाशावर करंजमाळ, आणि करंजमाळवर एकच लाल ठिपका. खाली लिहिलेलं, एकूण रुग्ण एक. साहेबांनी चष्मा सारखा करून विचारलं की हा एक कोण.

सर म्हणाले, "पुरुष, वय त्रेचाळीस. आता तब्येत उत्तम आहे, सर."

साहेब म्हणाले, अहो, पण शाळेत त्रेचाळीस वर्षांचा विद्यार्थी कसा?

शेवटच्या रांगेत मंगळू बसला होता. नमुने आता तोच घेतो, म्हणून बाईंनी त्याला बरोबर आणलं होतं. तो हळूच उठून उभा राहिला. सरांचा हात सवयीनं वर गेला, अर्ध्यावर थांबला, आणि मग त्यांनी तो मुकाट्यानं खाली घेतला.

"सायेब," मंगळू म्हणाला, "तो ठिपका तुमच्यापुढंच उभा हाय."